सोसायटीत दुचाकींचं पार्किंग आखताना

रात्री साडेदहाला, सगळे घरी परतल्यावर, खाली उतरून गाड्या मोजा. सभेत कोणी सांगितलेला आकडा धरू नका. पुण्यात घरटी दोन दुचाकी सर्रास असतात, मुलं कॉलेजला जायला लागली की तिसरी येते. धूळ खात पडलेल्या गाड्या वेगळ्या मोजा. कोपऱ्यातली अडचणीची जागा त्यांना चालते.

मग टेप आणि खडू. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत एका दुचाकीला १ बाय २ मीटर जागा धरली आहे. ॲक्टिव्हा साधारण ७० सेंटीमीटर रुंद, त्यामुळे ‘पाऊण मीटरमध्ये बसते की!’ असं कोणीतरी म्हणेलच. ऐकू नका. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, आणि ती काढणारा माणूसही बहुधा डावीकडेच उभा असतो. उरलेली जागा त्याच्यासाठी आहे.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या रांगेमागच्या वाटेत. गाडी हाताने मागे ओढून वळवायची, तर निदान दोन मीटर मोकळे हवेत. साठीच्या काकूंना आपली गाडी एकटीने काढता आली पाहिजे, माझी कसोटी हीच. वाट अरुंद असेल तर ४५ अंशांत तिरके पट्टे मारा, वळायला कमी जागा लागते. पण तिरक्या मांडणीत गाड्या जास्त बसतात हा गैरसमज आहे. दहा मीटर भिंतीला सरळ दहा गाड्या लागतात, तिरक्या सहाच. उलट चारचाकीची एक जागा, बाजूने वाट असेल तर, पाच दुचाकींना पुरते.

जिन्याचं तोंड, टाकीचं झाकण आणि मीटर बोर्डासमोरची जागा मोकळी सोडा. मीटरखाली तर एकही गाडी नको. तिथे ठिणगी पडली आणि शेजारी पेट्रोलची टाकी असली, की धूर जिन्यातूनच वर चढतो, आणि माणसं त्याच जिन्याने खाली यायची असतात.

रंग लगेच मारू नका. आठवडाभर खडूच्या रेघांवर गाड्या लावून बघा, कुठे हँडल अडकतात ते आपोआप कळतं. जागा कमी पडली तर वाटप चिठ्ठ्या टाकून करा, लिफ्टजवळच्या दोन-तीन जागा मात्र ज्येष्ठांना आधीच द्या. आणि गणपतीचा मांडव पार्किंगमध्येच पडत असेल, तर त्या दहा दिवसांत कोणाच्या गाड्या कुठे हलवायच्या, तेही याच नकाशावर लिहून ठेवा.