शिमग्याच्या इंग्रजी वर्णनात ‘रॉलिकिंग’ कुठे शोभते?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरी पर्यटकांची सोय करणारी अनेक मंडळी हल्ली सणांची माहिती इंग्रजीतून लिहितात. पण शिमग्याचा जल्लोष सांगताना त्यांची लेखणी बहुधा ‘एन्जॉयेबल’पाशी थांबते. अशा वेळी ‘रॉलिकिंग’ हे विशेषण कामी येते. मोकळेपणाने, आरडाओरडा करीत, अंग हलवून केलेली आणि कोणाला दुखवण्याचा हेतू नसलेली मौज, असा त्याचा अर्थ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून ते इंग्रजी लेखनात दिसते. ‘फ्रॉलिक’ या शब्दात ‘रोल’ किंवा ‘रॉम्प’ मिसळून ते घडले असावे, असा कोशकारांचा तर्क आहे.

हे विशेषण शक्यतो नामाच्या आधी ठेवावे, आणि ते नाम प्रसंगाचे, गोष्टीचे किंवा गाण्याचे असावे. ‘वी हॅड अ रॉलिकिंग गुड टाइम’ हा तर रुळलेलाच प्रयोग आहे. ‘अ रॉलिकिंग कॉमेडी’, ‘अ रॉलिकिंग टेल’ हेही सहज चालतात. ढोल घुमू लागल्यावर खांद्यावरची पालखी नाचवली जाते, भोवती गुलाल उडतो आणि वाडीतले थोरमोठेही पोरांच्या बरोबरीने ओरडतात, त्या मिरवणुकीला ‘अ रॉलिकिंग प्रोसेशन’ म्हणणे योग्यच ठरेल. त्याच पालखीपुढे घातल्या जाणाऱ्या गाऱ्हाण्याला मात्र हे विशेषण लावू नये, कारण तेथे भाव श्रद्धेचा असतो. दशावताराच्या बाबतीतही हाच विवेक हवा. आरंभी येणारा संकासुर मालवणीत टोलेबाजी करून प्रेक्षकांना हसवतो, तो भाग खुशाल ‘रॉलिकिंग’ म्हणावा. पुढच्या आख्यानात युद्ध असते, विलापही असतो, त्यामुळे सबंध नाटकाला ते लेबल चिकटवणे मला पटत नाही.

जवळच्या शब्दांशी गल्लत होते ती येथे. ‘बॉयस्टरस’ म्हणजेही दंगेखोर, पण तो खवळलेल्या समुद्राला आणि वाऱ्यालाही लागतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असताना समोर जो दर्या गर्जतो, त्याला ‘बॉयस्टरस सी’ म्हणावे. ‘राउडी’मध्ये तक्रारीचा सूर असतो, म्हणून दारू पिऊन किनाऱ्यावर हुल्लड करणाऱ्यांसाठी तो राखून ठेवावा. ‘हिलेरियस’चा संबंध केवळ हसण्याशी आहे.

उच्चारात जोर पहिल्या ‘रॉ’वर येतो, आणि स्पेलिंगमध्ये ‘एल’ दोनदा लिहावा लागतो. तुलना करायची असल्यास ‘मोअर रॉलिकिंग’ असे लिहावे.

ब्रिटिश बोलीत हाच शब्द नाम म्हणूनही येतो आणि तेथे त्याचा अर्थ पार उलटतो: ‘ही गॉट अ रॉलिकिंग’ म्हणजे त्याने चांगलाच ओरडा खाल्ला. त्यामुळे एखाद्या इंग्रज पाहुण्याला ‘यू विल गेट अ रॉलिकिंग हिअर’ असे लिहून पाठवाल, तर तो खोलीचे आरक्षण करण्यापूर्वी दोनदा विचार करील. ‘यू विल हॅव अ रॉलिकिंग टाइम हिअर’ असे लिहावे.