खालची बेल वर वाजत नाही? इलेक्ट्रिशियनला फोन करू नका

श्टुटगार्टमध्ये नवीन आलेल्या मराठी मंडळींचे प्रश्न ठरलेल्या क्रमाने येतात. आधी आनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी), मग बँक, मग तूरडाळ कुठे मिळते, आणि घर लागून थोडे दिवस झाले की फोन येतो: "ताई, खालून कुणी बेल दाबली तर वर वाजतच नाही. कोणी इलेक्ट्रिशियन आहे का ओळखीचा?" आहे. पण नंबर देणार नाही, आणि का देणार नाही ते एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

पुण्यात इंटरकॉम बंद पडला तर वॉचमनला सांगायचं, तो दुपारपर्यंत कुणाला तरी घेऊन येतो, त्याच्या हातावर पैसे टेकवले की विषय संपला. ही सवय विमानातच सोडून या. इथे भाड्याच्या घरातली बेल दुरुस्त करणं मालकाचं काम आहे. जर्मन नागरी कायद्याच्या 535व्या कलमाप्रमाणे घर वापरण्याजोगं ठेवायची जबाबदारी त्याची, आणि तुम्ही भाडं देता ते त्यासाठीच. पण तुम्ही स्वतः इलेक्ट्रिशियन बोलावलात तर गिऱ्हाईक तुम्ही, आणि बिलही तुमचं. मग मालकाकडे पैसे मागायला गेलात तर तो विचारणार, मला कळवलं होतं का? मुदत दिली होती का? 2008 साली इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने हेच सांगितलं: मालकाला आधी संधी न देता भाडेकरूने परस्पर दुरुस्ती करून घेतली, तर एरवी तो खर्च मागता येत नाही. अपवाद खऱ्या तातडीचा. पाइप फुटून घरात पाणी शिरलं तर तातडी. ॲमेझॉनवाला परत गेला ही तातडी नव्हे.

आता तो किस्सा, जो मी प्रत्येकाला ऐकवते. नुकताच आलेला एक मुलगा, शनिवारची संध्याकाळ, घरी पाहुणे येणार आणि बेल बंद. त्याने मोबाइलवर 'एलेक्ट्रिकर नोटडीन्स्ट', म्हणजे तातडीची इलेक्ट्रिशियन सेवा, शोधलं आणि सगळ्यात वरच्या जाहिरातीतला फुकटचा 0800 नंबर फिरवला. फोनवर दर कुणी सांगितला नाही, यानेही विचारला नाही. माणूस आला, घरातला इंटरकॉमचा रिसीव्हर बदलला, येण्याजाण्याचे पैसे, शनिवारचा जादा आकार, सामान आणि वर 19 टक्के कर असं चारशे युरोंच्या पुढचं बिल केलं आणि कार्डाचं मशीन पुढे धरलं. पोराने कार्ड लावलं. बेल तरीही वाजेना, कारण बिघाड वर नव्हताच, तळघरातल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात होता. सोमवारी हाउसफरवाल्टुंगचं, म्हणजे इमारतीचा कारभार बघणाऱ्या कंपनीचं, उत्तर एका ओळीचं होतं: हे काम आम्ही सांगितलेलं नाही.

म्हणून पुन्हा लिहिते. जो बोलावतो, तो पैसे देतो. आणि जाहिरातीत वर दिसणारे 'चोवीस तास सेवा'वाले म्हणजे जवळचा दुकानदार असं समजू नका, पुष्कळदा ती दूरच्या शहरातली नुसती फोन उचलणारी मंडळी असतात. असा कुणी दारात उभा राहून "आत्ताच्या आत्ता द्या" म्हणाला तर बिल पाठव म्हणा, दमदाटी केली तर पोलिसांना फोन, 110. फेरब्राउखरत्सेंट्राले, म्हणजे इथली ग्राहक सल्ला केंद्रं, अशा लोकांबद्दल सतत सावध करत असते. आपली मंडळी मात्र ते वाचत नाहीत, व्हॉट्सॲपवर विचारतात.

व्हॉट्सॲपवर उत्तर येतं, "माझ्या ओळखीचा एक आहे, रोखीत करतो, बिल नाही." दहा-दहा वर्षं इथे राहून नागरिकत्व घेतलेले लोक हे सांगतात तेव्हा मला राग येतो. बिलाशिवायचं काम म्हणजे श्वार्त्सआर्बाइट, आणि 2013 पासून त्याच न्यायालयाची भूमिका स्पष्ट आहे: ठरवून बिनबिलाचं करून घेतलेलं काम बिघडलं तर तुम्हाला कसलीही हमी मागता येत नाही. शिवाय बिल असेल आणि पैसे बँकेतून दिले असतील, तर मजुरी आणि येण्याजाण्याच्या खर्चाच्या 20 टक्के रक्कम, वर्षाला जास्तीत जास्त 1,200 युरो, थेट प्राप्तिकरातून वजा होते. रोख दिलेत की तेही गेलं. तीस युरो वाचवल्याच्या आनंदात हा हिशोब कुणी करत नाही.

मग करायचं काय? आधी पाच मिनिटं स्वतः बघा. रिसीव्हर नीट टांगलेला आहे ना? आवाज बंद करायचं बटण किंवा खालची सरकपट्टी आधीच्या भाडेकरूने बंद ठेवलेली नाही ना? हे फार वेळा निघतं, विशेषतः आधी तान्हं बाळ असलेल्या घरात. नंतर फ्लॅटच्या दाराबाहेरचं बटण दाबा. ते वाजलं आणि खालचं वाजलं नाही, तर तुमच्या घरातला वाजणारा भाग ठीक आहे, घोटाळा तारेत किंवा खाली. शेजारच्या बाईंना विचारा, त्यांची वाजते का. सगळ्यांचीच बंद असेल तर कुणीतरी आधीच कळवलं असेल (जर्मन माणूस तक्रार लिहायला उशीर करत नाही, एवढा त्याचा गुण घ्यावा). पेचकस मात्र हातात घेऊ नका. रिसीव्हरमधला विजेचा दाब कमी असला तरी ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला 230 व्होल्ट असतात, आणि तुम्ही उघडलेला डबा हे मालकाला बिल तुमच्यावर ढकलायला आयतं कारण.

जिन्यात हाउसमाइस्टरचा (इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाचा) नंबर लावलेला असेल तर त्याला सांगा, पण तेवढ्यावर थांबू नका. हाउसफरवाल्टुंगला आणि मालकाला ईमेल करा, जर्मनमध्ये. डीपएलवरून केलेलं भाषांतर चालतं. विषयात 'मेंगेलआनत्साइगे' (बिघाडाची सूचना) हा शब्द, आत तारीख, काय बंद आहे ते नेमकं (बेल वाजत नाही, की आवाज येत नाही, की दार उघडायचं बटण चालत नाही), तुम्ही काय तपासलं, फोटो, आणि 14 दिवसांची मुदत. बिघाड कळवणं हे तुमचंही कर्तव्य आहे, गप्प बसून नुकसान वाढलं तर ते तुमच्या अंगावर येऊ शकतं. मुदत टळली तर दुसरं पत्र, या वेळी टपालाने. तेही वाया गेलं तर मीटरफेराइन, म्हणजे भाडेकरूंची संघटना. वर्षाची वर्गणी भरा आणि त्यांच्या वकिलाला विचारा. आपणच ठरवून भाडं कापू नका. बेल बंद असल्याबद्दल भाड्यात थोडीफार सूट मिळू शकते, पण हिशोब चुकून थकबाकी साठत गेली तर घर सोडायची नोटीस येते. पूर्ण भाडं 'उंटर फोरबेहाल्ट', म्हणजे हक्क राखून, भरत राहा.

मालक कराराकडे बोट दाखवेल: क्लाइनरेपाराटूअरक्लाउजेल, किरकोळ दुरुस्तीचं कलम. ते वाचा. ते लागू होतं फक्त तुमच्या रोजच्या हाताळणीतल्या वस्तूंना, नळ, खिडकीची मूठ, बटणं. रिसीव्हरवरून वाद होऊ शकतो. भिंतीतली तार, तळघरातला डबा, खालची बटणांची पाटी यांचा त्याच्याशी संबंध नाही. करारात एका दुरुस्तीची मर्यादा लिहिलेली असते, साधारण शंभर युरोंच्या आसपास, आणि वर्षाचीही. बिल त्या मर्यादेच्या वर गेलं तर वरचा फरक नव्हे, अख्खं बिल मालकाचं. शंभराची मर्यादा आणि दीडशेचं बिल, तर तुमच्याकडून शून्य.

घर स्वतःचं असेल तरी सामाईक तारांना परस्पर हात लावू नका, काम हाउसफरवाल्टुंगकडूनच करून घ्या. रिसीव्हर ऑनलाइन स्वस्तात मागवायचा मोहही नको. ज़ीडले, रिट्टो, टीसीएस, प्रत्येकाची पद्धत निराळी, एकाचा रिसीव्हर दुसऱ्याच्या तारेवर सहसा चालत नाही.

बेल वाजत असूनही पार्सल येत नसेल तर पाटीवरचं नाव बघा. इथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो, पोस्टमन आडनाव वाचतो. बेलवर आणि पत्रपेटीवर, दोन्हीकडे, पासपोर्टमधलंच आडनाव हवं. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही. हे न केल्यामुळे इथे राहण्याच्या परवान्याची पत्रं परत गेलेली पाहिली आहेत.

इलेक्ट्रिशियन 'आठ ते बारा'मध्ये येतो म्हणजे आठलाही येतो, रजा नाहीतर होमऑफिस घेऊन घरी थांबा. कॉफी विचारा. बूट काढायला लावू नका, जाजम उचलून ठेवा. काम झाल्यावर तो एक कागद सहीला देईल. त्यावर किती वेळ लागला ते बघा, आणि 'आउफट्रागगेबर'च्या, म्हणजे काम सांगणाऱ्याच्या, रकान्यात हाउसफरवाल्टुंगचं नाव आहे की तुमचं, ते बघा. तुमचं असेल तर सही न करता तिथूनच त्यांना फोन लावा.