ताठरतेसाठी घरगुती ध्वनितरंग यंत्र: घेण्याआधी आणि वापरताना

लिंगाला पुरेशी ताठरता येत नाही, अशी तक्रार सुरू झाल्यावर पुण्यातले अनेक पुरुष हल्ली डॉक्टरांआधी मोबाइलला विचारतात आणि तिथे त्यांना घरच्या घरी लिंगावर धक्क्यासारखे ध्वनितरंग (शॉकवेव्ह) देणारी यंत्रे दिसतात. दवाखान्याच्या बाकावर ओळखीचे कुणी भेटेल ही धास्ती खरी असते, आणि साध्या खोक्यातून घरपोच येणाऱ्या यंत्राला ती धास्ती नसते. त्यामुळे त्याची ओढ मला समजते. तरीही आधी तपासणी आणि मग यंत्र, हा क्रम कुणीही मोडू नये, असे माझे ठाम मत आहे.

याचे कारण रक्तवाहिन्यांच्या आकारात आहे. लिंगातल्या धमन्यांचा व्यास साधारण १ ते २ मिलिमीटर असतो, तर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा ३ ते ४ मिलिमीटर. त्यामुळे मधुमेह, उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल किंवा तंबाखूमुळे धमन्या खराब होऊ लागल्या की त्याचा परिणाम पुष्कळदा लिंगाच्या ताठरतेवर आधी दिसतो आणि छातीतले दुखणे दोन ते पाच वर्षांनी येते. म्हणून उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), रक्तदाब आणि सकाळी लवकर घेतलेल्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन एवढे आधी तपासून घ्यावे. त्यासाठी नेहमीचे फॅमिली डॉक्टर चालतील आणि ससूनची ओपीडीही चालेल. पर्वतीच्या पायऱ्या चढताना छातीत दाटून येत असेल किंवा धाप लागून मध्येच बसावे लागत असेल, तर हृदयाची तपासणी होईपर्यंत ताठरतेचा कोणताही उपचार सुरू करू नये. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्यावी, कारण रक्तदाबाच्या आणि नैराश्यावरच्या काही औषधांनीही ही तक्रार होते. पहाटे ताठरता नीट येते, पण जोडीदाराजवळ असताना येत नाही, असे असेल तर कारण बहुधा मनावरच्या ताणात असते, आणि तिथे तरंगांचा उपयोग नाही.

अशा धक्क्याच्या ध्वनितरंगांचा रुग्णांवरचा वापर मुतखडा फोडण्यापासून सुरू झाला. १९८० मध्ये म्युनिकमध्ये पहिल्या रुग्णावर तो झाला. खूप कमी ऊर्जेचे तरंग दिल्यास उतींमध्ये नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना चालना मिळते, या कल्पनेवरून इस्रायलमधल्या हैफा इथल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये ताठरतेच्या तक्रारीवरचा पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक बैठकीला पाच जागी मिळून तरंगांचे १५०० ठोके देत होते. आठवड्यातून दोनदा असे तीन आठवडे, मग तीन आठवडे विश्रांती आणि पुन्हा तीन आठवडे. नंतरच्या अभ्यासांतून मुख्यतः सौम्य ते मध्यम, रक्तपुरवठ्याशी निगडित तक्रारीत माफक सुधारणा दिसली. काही अभ्यासांत तुलनेसाठी वापरलेल्या, तरंग न देणाऱ्या खोट्या यंत्राइतकाच परिणाम आला. अमेरिकन यूरोलॉजी संघटनेने २०१८ मध्ये या उपचाराला प्रायोगिक ठरवले. युरोपीय यूरोलॉजी संघटना निवडक सौम्य रुग्णांसाठी त्याला जागा देते, पण जोर देऊन शिफारस करत नाही.

हे अभ्यास मुख्यतः दवाखान्यातल्या केंद्रित तरंगांच्या यंत्रांवर झाले, हे इथे विसरता कामा नये. केंद्रित तरंग त्वचेखाली ठरावीक खोलीवर एकवटतात. घरगुती यंत्रांत सहसा आतला छोटा धातूचा तुकडा टोकावर आदळून दाबाचे तरंग तयार होतात. त्यांची तीव्रता त्वचेवर सर्वाधिक असते आणि आत जाताना ती घटत जाते. टाचदुखीसाठी फिजिओथेरपिस्ट वापरतात, त्या यंत्रांचा मोठा भाग याच जातीचा आहे. म्हणून दवाखान्यातल्या अभ्यासाचे आकडे दाखवून घरगुती यंत्र विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

विकत घेताना खोके नीट वाचावे. कोथरूडच्या एका गृहस्थांनी मला दाखवलेल्या खोक्यावर ‘पुरुषांसाठी’ एवढे मोठ्या अक्षरांत होते. आयातदाराचा पत्ता, परवाना क्रमांक आणि उत्पादनाचा महिना कुठेच नव्हता, आणि आतल्या पुस्तिकेत गुडघेदुखीचे चित्र होते. वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत. लेबलावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव आणि परवाना क्रमांक नसेल तर ती वस्तू परत करावी. लैंगिक सामर्थ्य वाढवण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ यानुसार बंदी आहे, त्यामुळे ‘खात्रीशीर’ हा शब्द दिसला की सावध व्हावे.

रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, रक्तस्रावाचा विकार असलेले, जननेंद्रियावर जखम, पुरळ किंवा संसर्ग असलेले, लिंगात वाक येऊ लागून दुखत असलेले, त्या भागात कर्करोग किंवा कृत्रिम रोपण असलेले आणि सिकलसेल हा रक्तविकार असलेले पुरुष यांनी हे यंत्र वापरूच नये. पेसमेकर असल्यास हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

यूरोलॉजिस्टशी बोलून वापरायचे ठरलेच, तर घाई न करता पुढील पद्धतीने करावे. सुरुवातीला आयआयईएफ-५ ही पाच प्रश्नांची प्रश्नावली भरून गुण तारखेसह लिहून ठेवावेत. २२ ते २५ गुण म्हणजे तक्रार नाही, १७ ते २१ सौम्य, आणि ५ ते ७ तीव्र. बैठकीच्या वेळी लिंग शिथिल असावे. केस बारीक करून त्वचा धुऊन कोरडी करावी आणि सोनोग्राफीला लावतात तसे जेल भरपूर लावावे, कारण मध्ये हवा राहिली तर तरंग आत पोचत नाहीत. एका हाताने लिंग हलके ताणून धरून यंत्राचे टोक वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या भागावर सावकाश सरकवावे. शिश्नमुंड (लिंगाचे टोक), वृषणे आणि ओटीपोटाचे हाड टाळावे. नेहमी सर्वांत खालच्या पातळीवर सुरू करावे. बधिर करणारे मलम डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नये, कारण काही चुकत असेल तर दुखणे हाच इशारा असतो. दोन बैठकांमधले अंतर पुस्तिकेत दिले असेल तेवढेच ठेवावे. जास्त वेळा दिल्याने जास्त फायदा होतो याला आधार नाही. निळसर डाग, लघवीत रक्त, बधिरपणा किंवा न थांबणारे दुखणे दिसले की यंत्र बंद करून तज्ज्ञाकडे जावे.

यासोबत कुणी सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल या ताठरतेच्या गोळ्या घेत असेल, तर त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्याव्यात. छातीदुखीसाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा कोणतेही नायट्रेट घेणाऱ्याने या गोळ्या अजिबात घेऊ नयेत. दोन्ही एकत्र आल्यास रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळतो. ताठरता चार तासांहून अधिक टिकली तर तातडीने रुग्णालय गाठावे.

जोडीदाराला हे सगळे आधीच सांगितलेले बरे. लपवून ठेवलेल्या यंत्राने घरातला ताण वाढतो आणि तोच ताण ताठरतेला मारक ठरतो. रोजचे अर्धा-पाऊण तास भरभर चालणे, मग ते तळजाईवर असो की सोसायटीच्या आवारात, आणि तंबाखू सोडणे ही दोन्ही कामे यंत्र वापरा अथवा वापरू नका, करायचीच आहेत.

शेवटच्या बैठकीनंतर तीन महिन्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरावी. गुण वाढले असतील, तरी हा फायदा पुढे ओसरू शकतो, म्हणून साखर आणि रक्तदाबाकडे लक्ष ठेवावे. गुण जिथल्या तिथे असतील, तर बैठका वाढवत न बसता दोन्ही प्रश्नावल्या घेऊन यूरोलॉजिस्टकडे जावे. त्यांच्याकडे गोळ्या, व्हॅक्यूम पंप, लिंगात घ्यायचे इंजेक्शन आणि शेवटी रोपण असे पर्याय आहेत, आणि त्यांच्यामागचा पुरावा तरंगांपेक्षा बराच भक्कम आहे.