हिंदमाताच्या पाण्याचं माप कसं घ्यायचं

"यंदा गुडघाभर पाणी होतं," एवढ्यावरून गटार चांगलं की वाईट हे ठरत नाही. गुडघा कुणाचा? पाऊस किती वेळात किती पडला? समुद्राला भरती होती की ओहोटी? मुंबईत दादर-परळकडचा हिंदमाता चौक पाणी तुंबण्यासाठी प्रसिद्ध; मी त्याच्या मागच्या गल्लीत राहते, आणि नोकरीभर रस्त्यांच्या लेव्हली, म्हणजे उंचसखलपणाची मापं, घेतली. पावसाळ्यात माझ्याकडे एक वही असते, तिच्यात पाच रकाने: वेळ, पाऊस, पाणी, जाळी, भरती. एवढं लिहिलंत तर तुमच्या गल्लीतली पर्जन्य जलवाहिनी, म्हणजे पावसाचं पाणी नेणारं गटार, काय लायकीची आहे हे तुम्हीच सांगू शकाल.

आधी पाऊस. वेधशाळेचा आकडा सकाळी साडेआठ ते साडेआठ असा चोवीस तासांचा असतो, गटाराला त्याचा काही उपयोग नाही. शिवाय तो कुठला, हेही बघावं लागतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. म्हणून आपल्याच गच्चीवर मोजायचा. सरळ उभ्या बाजूंचा कुठलाही डबा चालतो, तोंड लहान-मोठं असल्याने फरक पडत नाही. बूड आणि तोंड सारख्या मापाचं हवं. आत फूटपट्टी उभी धरायची. तिचं शून्य काठापासून थोडं आत असतं, तेवढा तुकडा आधी कापून टाका. कठडा किंवा टाकी जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर डबा ठेवा, नाहीतर आडोशाने पाऊस कमी भरतो. मुसळधार लागला की दर पंधरा मिनिटांनी वाचा. गच्चीवर जाणं जमत नसेल तर महापालिकेच्या स्वयंचलित पर्जन्यमापकांचे पंधरा मिनिटांचे आकडे घ्या, पण केंद्र आपल्यापासून किती लांब आहे तेही लिहून ठेवा.

पंधराच मिनिटं का, तर आकडा कशाशी ताडायचा हे ठरलेलं आहे. मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिमी पावसासाठी बांधली होती, तीही ओहोटी धरून आणि निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं समजून. १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने, म्हणजे मुंबईच्या पावसाळी गटारांच्या सुधारणेच्या आराखड्याने, ताशी ५० मिमी धरले आणि मुरण्याचा हिशेबच काढून टाकला. लोक म्हणतात क्षमता दुप्पट केली. गणित करा: एक हेक्टरवर १ मिमी म्हणजे १० घनमीटर पाणी. जुन्या हिशेबाने हेक्टरी तासाला १२५ घनमीटर, नव्या हिशेबाने ५००. चौपट झालं! पेव्हर ब्लॉक बसवून जमीन झाकताना, पाणी मुरणार कुठे, हे कुणी विचारत नाही. तर पंधरा मिनिटांत ६ मिमीच्या आत पाऊस असताना पाणी तुंबलं तर सबब नाही. पंधरा मिनिटांत १२.५ मिमीच्या वर गेला तर नव्या मापाच्या गटारालाही थोडी सूट द्या.

आता पाणी. शून्य कुठे धरायचं? रस्त्यावरच्या सगळ्यात खालच्या जाळीच्या, म्हणजे पाणी गटारात उतरतं त्या झाकणाच्या, काठावर. तिथून लेव्हल गवंड्याच्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने जवळच्या पक्क्या भिंतीवर न्यायची. नळीत बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक जाळीपाशी, दुसरं भिंतीला, दोन्हीकडे पाणी एका पातळीला येतं. तिथे ऑइलपेंटने रेघ, आणि वर दर पाच सेंटीमीटरला एकेक. मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या ओट्याच्या भिंतीवर काढल्या तेव्हा शेटजी म्हणाले, "काकू, पाणीपट्टीचं नवीन मीटर का हो?" विजेच्या खांबावर मात्र खुणा करू नका, तुंबलेल्या पाण्यात त्याच्याजवळही जाऊ नका. रेघा जाड काढल्या की खिडकीतून मोबाइल झूम करून दिसतात. फोटोवर वेळ उमटतेच.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा आकडा पाणी किती चढलं हा नाहीच, किती वेळात उतरलं हा आहे. पंधरा मिनिटांतला पाऊस २ मिमीच्या खाली आला की घड्याळ सुरू करायचं. पाणी पाच सेंटीमीटरच्या रेघेखाली गेलं की थांबवायचं. त्यातून निचऱ्याचा वेगही काढता येतो. समजा तळं २०० मीटर लांब, रस्ता १२ मीटर रुंद, मधोमध ३० सेंटीमीटर खोल. काठाकडे उथळ म्हणून सरासरी १५ धरा. झालं ३६० घनमीटर. दीड तासात उतरलं तर मिनिटाला ४ घनमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण ६७ लिटर. नव्या मापाने एका हेक्टरला १३९ लिटर लागतात. वरून थोडं पाणी येतच असतं, त्यामुळे खरा वेग याहून जरा जास्त असतो, पण दरवर्षी एकाच पद्धतीने काढला तर तुलना पक्की होते. हिंदमाताला आता भूमिगत साठवण टाक्याही आहेत. त्यामुळे टाक्या भरण्याआधीचा निचरा आणि नंतरचा निचरा वेगळा लिहावा लागतो. सलग दुसऱ्या दिवशी मोठा पाऊस झाला की हा फरक कळतो.

चौथा रकाना जाळीचा, आणि रोग इथेच पकडला जातो. रस्त्यावर पाणी साचलंय, पण जाळीतून खाली पडताना खळखळ आवाज येतोय, आत पोकळी दिसतेय? मग जमिनीखालचा गटाराचा नळ रिकामा आहे, तोंड तुंबलंय. मोरीच्या जाळीत केस अडकावेत तशा तिथे पिशव्या आणि पालापाचोळा असतो. जाळी बुडाली असेल तर वर भोवरा फिरतोय का बघा; भोवरा म्हणजे ती पाणी ओढतेय. भोवरा नाही, पाणी निवांत, तर पुढे अडलंय. आणि जाळीतून बुडबुडे वर येत असतील, मॅनहोलचं झाकण खडखडत असेल, तर नळ दाबाखाली भरलेला आहे. हे सगळं ओट्यावरून बघायचं. झाकण उघडायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही. २९ ऑगस्ट २०१७ला डॉ. दीपक अमरापूरकर याच भागात उघड्या मॅनहोलमध्ये पडून मरण पावले.

पाचवा रकाना सोपा. अपोलो बंदरचं भरतीचं कोष्टक मिळतं. वेळ आणि उंची लिहा. मुंबईतली बहुतेक पातमुखं, म्हणजे गटारं समुद्राला मिळतात ती तोंडं, भरतीच्या पातळीखाली आहेत, त्यामुळे साडेचार मीटरच्या भरतीला पाणी आपणहून समुद्रात जात नाही, पंपांनी फेकावं लागतं. आमचं पाणी रे रोडच्या ब्रिटानिया उदंचन केंद्राकडे, म्हणजे पंपिंग स्टेशनकडे, जातं.

मे महिन्यात एक चक्कर मारा. पावसाआधी कोरड्या दिवसांत पर्जन्य जलवाहिनीत वाहतं पाणी दिसलं तर कुणीतरी सांडपाणी जोडलंय. उघड्या नाल्यात पुलावरून बांबू सोडून गाळाचा थर मोजा, सफाईआधी आणि सफाईनंतर, त्याच जागी. पेपरात किती टन काढला ते येतं. किती राहिला ते बांबू सांगतो.

हंगाम संपला की पानं दोन गठ्ठ्यांत लावा, भरतीची आणि ओहोटीची. ओहोटीलाही उतरायला तेवढाच वेळ लागत असेल तर समुद्राला दोष देऊ नका, नळात गाळ आहे किंवा नळ लहान आहे. फक्त भरतीलाच लांबत असेल तर पंप वेळेवर चालू झाले का, हे विचारा. जाळीच तुंबत असेल तर महापालिकेच्या १९१६ या फोन नंबरवर तक्रार करून सफाई मागा आणि तक्रार क्रमांक त्याच पानावर टाका. वॉर्ड ऑफिसात गेलात की साहेब म्हणतील, "त्या दिवशी पाऊसच फार होता हो." तेव्हा वही उघडून पंधरा मिनिटांचा आकडा त्यांच्यापुढे सरकवायचा.