तळ्याकाठची पिवळी टाचणी कशी शोधावी, कशी ओळखावी

तळ्यावर गेलेल्या माणसाची नजर पाण्यावर घिरट्या घालणाऱ्या चतुरांकडे जाते आणि टाचणी, म्हणजे चतुराचाच काडीसारखा सडपातळ नातेवाईक कीटक, पायाशीच राहून जाते. इथे सांगतोय ती पिवळी टाचणी आपल्याकडे सर्रास आढळते. शास्त्रीय नाव सेरियाग्रिऑन कोरोमंडेलियानम. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियसने १७९८ साली तिची नोंद केली.

आधी जागा निवडा. खळाळता ओढा नको, साचलेले आणि झाडोऱ्याचे पाणी हवे: गावतळे, भातखाचर, पडीक विहीर, अगदी बागेतले कमळाचे टाकेही चालेल. घासूनपुसून ठेवलेल्या सिमेंटच्या हौदावर वेळ घालवू नका. मादी पाणवनस्पतींच्या देठापानांत अंडी घालते; तिथे तिला काय मिळणार?

ऊन चढले की काठाशी चक्क खाली बसा. ही टाचणी गवतात, गुडघ्याच्याही खाली वावरते. उभ्याने पाहिलेत तर गवतच दिसेल. दहा मिनिटे हलू नका. ती थोडे उडते आणि पुन्हा काडीवर टेकते.

बसली की आधी पंख पाहा. चतुर पंख पसरून बसतो, टाचणी ते पाठीवर मिटून घेते. नराचे पोट, म्हणजे मागचा लांब शेपटीसारखा भाग, लिंबासारखे पिवळे, त्यावर एकही डाग नाही. छाती आणि डोळे हिरवट. लांबी जेमतेम ३ ते ४ सेंमी. शेपटीचे टोक निळे दिसले आणि अंगाने ती बरीच लहान वाटली, तर ती वेगळी जात. मादी मात्र फिकट, मातकट रंगाची असते, त्यामुळे पहिल्या खेपेला हमखास चुकते. तिला ओळखायची सोपी युक्ती म्हणजे जोडी शोधणे. नर शेपटीच्या टोकाने मादीची मान धरून ठेवतो, आणि ती अंडी घालत असताना तिच्या मानेवर काठीसारखा ताठ उभा राहतो. हे दृश्य एकदा तरी पाहायलाच हवे!

पिल्ले पाहायची असतील तर पाण्यातली थोडी वनस्पती पांढऱ्या ताटलीत पाण्यासकट घ्या. शेपटीला पानासारखे तीन कल्ले असलेला बारीक किडा दिसला, की तेच टाचणीचे पिल्लू. ते डासांच्या अळ्याही खाते. पाहून झाले की लगेच त्याच पाण्यात सोडा.

मुले बरोबर असतील तर शेपटीला दोरा बांधू देऊ नका. आणि तळे साफ करायची वेळ आली, तर एका काठाची पाणवनस्पती तशीच राहू द्या.