सतत हात धुणाऱ्यांनो, या चुका टाळा

"सिस्टर, क्रीम लावते हो, पण फरकच पडत नाही." वॉर्डातल्या नव्या मुली, धुणीभांडी करणाऱ्या मावश्या, बाळंतिणी, सगळ्यांची तक्रार हीच. कधी लावता, विचारलं की उत्तरही ठरलेलं: रात्री झोपताना, तेही हात फुटल्यावर. दिवसभर वीसदा साबण आणि क्रीम एकदा, मग फरक पडणार कसा?

त्वचेच्या वरच्या थरात स्निग्ध द्रव्यं असतात, त्यामुळे आतला ओलावा टिकतो. साबण मळाबरोबर तीही काढून नेतो. शिवाय वडीच्या साध्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) 9 ते 10, निरोगी त्वचेचा 5 च्या आसपास. प्रत्येक धुण्यानंतर त्वचेला सावरायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात आपण पुन्हा नळाखाली हात धरतो.

सगळ्यात जास्त चीड मला एका चुकीची येते: साबणाने हात धुवायचे आणि लगेच वरून सॅनिटायझर चोळायचं. "डबल सेफ्टी" म्हणे! आमच्याकडे एक नवी मुलगी होती, कामाला चोख. प्रत्येक पेशंटनंतर साबण, मग सॅनिटायझर, आणि हात ओले असतानाच ग्लोव्हज. थंडी सुरू झाली तशा तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या. सॅनिटायझर झोंबायला लागलं. मग ती नकळत हात धुणंच टाळू लागली, आणि वॉर्डात याहून वाईट काही नाही. कुणीतरी लिंबू चोळायला सांगितलं, तेही तिने केलं. शेवटी मी तिला स्किन ओपीडीत पाठवलं. साबणाच्या माऱ्यामुळे झालेला इसब निघाला. काही दिवस मलम लावलं, पण हात खरे सुधारले ते सवय बदलल्यावर.

सवय साधीच आहे. हाताला दिसणारी घाण नसेल तर वॉर्डात नुसतं हँडरब, म्हणजे अल्कोहोलवालं सॅनिटायझर, पुरतं. 20 ते 30 सेकंद, हात कोरडे होईपर्यंत चोळायचं. त्यात ग्लिसरीन असेल तर साबण-पाण्यापेक्षा ते त्वचेला कमी त्रास देतं. लोकांना हे पटत नाही, कारण चिरांना झोंबतं ते अल्कोहोल, पण चिरा पाडलेल्या असतात साबणाने. हात मळलेले असतील, संडासाला जाऊन आलात, जेवायला बसायचंय किंवा जुलाबाचा पेशंट हाताळलाय, तर मात्र साबणच. यात शॉर्टकट नाही.

दुसरी चूक वेळेची. हात खसाखसा पुसून, पार कोरडे करून, पंधरा मिनिटांनी क्रीम लावण्यात अर्धा फायदा जातो. मी नॅपकिनने हात टिपते, ओल जराशी असतानाच क्रीम लावते. आधी हातांच्या पाठीवर, मग बेचक्यांत, नखांच्या कडेला, तळव्यांना शेवटी. तळवे चिकट होतात म्हणून बहुतेक जण क्रीम सोडून देतात, ती अडचण यानेच सुटते. एक ट्यूब ड्युटीच्या खिशात, एक घरी सिंकपाशी. कपाटात ठेवलेली ट्यूब कुणी वापरत नाही.

कढत पाणी नको, कोमट किंवा गार पुरे. अंगठी काढून धुवा, तिच्याखाली साबण अडकतो. सुवासिक लोशन फुटलेल्या हातांना लावू नका. भांड्यांना रबरी हातमोजे घाला, आतून ओले झाले की बदला. लेटेक्सच्या ग्लोव्हजखाली पेट्रोलियम जेली लावू नका, तेलकटपणाने ग्लोव्हज खराब होतात. रात्री मात्र तीच जेली जाडसर लावून वर सुती हातमोजे घालावेत. कोकणातल्यांच्या घरी भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) असतंच, तेही कोमट करून लावलं तरी चालेल.

आणि दोन रात्रींत "काही होत नाही" म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ट्यूब आणू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, पण महिनोन्‌महिने चोळली तर त्वचा पातळ होते. नुसत्या कोरडेपणाला नियमित क्रीम लावून दोन-तीन आठवडे द्या. खाज थांबत नसेल, फोड आले, पाणी किंवा पू येऊ लागला, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, आणि कोणता साबण, कोणतं सॅनिटायझर वापरता ते त्यांना नावानिशी सांगा.