हरसूल, पेठ, सुरगाणा : दोन दिवसांची चक्कर कशी मारायची

आपण नाशिककर पश्चिमेकडे जातो म्हणजे काय, तर भर पावसात धबधबा, त्याच्याखाली रील, येताना भजी आणि त्र्यंबक रोडला ट्रॅफिकमध्ये शिव्या. तसंच जायचं असेल तर हे वाचून उपयोग नाही. मी सांगतोय ते भात कापून झाल्यावर करायचं, नोव्हेंबर ते जानेवारी, आणि एक रात्र तिकडे काढायचीच, कारण खरी मजा संध्याकाळनंतर आहे.

शहरातून गिरणारे धरा. टोमॅटोचा सीझन असेल तर सकाळी लवकर निघा नाहीतर क्रेट भरलेल्या पिकअपच्या मागे बसाल. पुढे काश्यपी धरणाचं पाणी, मग वाघेऱ्याचा घाट, मग हरसूल. हरसूलहून पेठ, तिथून आतल्या रस्त्याने सुरगाणा, आणि परतताना बोरगाव, हातगड, वणी, दिंडोरी करत घरी. नकाशावर हे चिल्लर वाटतं पण घाट, वळणं आणि मधेच रस्त्यात ठिय्या मारून बसलेली गुरं धरली तर दिवस जातो. पेट्रोल नाशिकलाच फुल करा. मी एकदा "पुढे भरू" म्हणत गेलो, पंपावर पुठ्ठा लटकवलेला, पेट्रोल संपले आहे, मग एका किराणा दुकानातून पाण्याच्या बाटलीत मिळालं तेवढ्यावर आलो. कॅशही ठेवा, रेंज नसली की स्कॅनर नुसता शोभेला. गाडी नसेल तर एसटी आहेच, बायकांना अर्धं तिकीट, फक्त शेवटची गाडी किती वाजता हे कंडक्टरला उतरायच्या आधी विचारा.

आता माणसांचं, कारण घोळ इथेच होतात. या पट्ट्यात आदिवासी जमाती राहतात, कोकणा, महादेव कोळी, वारली, काही पाड्यांवर कातकरी. कोकणा म्हणजे कोकणातले नव्हेत, "मग तुम्ही रत्नागिरीचे का" असं विचारून माझ्या एका मित्राने सगळ्या ओट्याला हसवलं होतं. सुरगाण्याकडे आपापसात डांगी बोलतात, आपल्याशी मराठी. गावागावात लाल बावटा दिसेल, वनपट्ट्यांसाठी, म्हणजे कसत असलेल्या जंगलजमिनीच्या हक्कासाठी, मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या मोर्चात इकडचीही खूप माणसं होती, त्यामुळे जंगलाबद्दल बोलताना "तुम्ही झाडं तोडता का हो" असले शहाणे प्रश्न नकोत. फोटो विचारून काढा, पोरांना चॉकलेट वाटत सुटू नका.

मुक्कामाची सोय ओळखीतून आधीच फोन करून लावा, ऐनवेळी दार वाजवून नाही. आणि जेवण घरात सांगा, हॉटेलातलं पनीर नाशकात पण मिळतं. मी ज्या घरी राहिलो तिथल्या मावशींनी नागलीचं (नाचणीचं) पीठ उकळत्या पाण्यात घेरून घेतलं, थोडं निवल्यावर मळलं आणि तळहातावरच फिरवत फिरवत भाकर केली, पोळपाट नाहीच, आणि काळपट तांबूस भाकर चुलीच्या कडेला उभी केली की टम्म. सोबत उडदाचं वरण आणि खुरसणीची (कारळ्यांची) चटणी. पहिला घास कोरडा लागतो, तिसऱ्यापासून थांबता येत नाही. पैसे द्यायला लाजू नका, पण पाहुणा असल्यासारखं वागा, घाईत नोट पुढे करू नका.

मार्गशीर्षात गेलात तर डोंगऱ्यादेव असतो, बरीच जणं व्रत धरतात आणि पौर्णिमेच्या रात्री डोंगरावर जातात, पावरी, म्हणजे भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य, रात्रभर वाजते. तो कार्यक्रम नाही, पूजा आहे. लांब बसा, चपला काढा, कुठपर्यंत यायचं ते गावकरी सांगतील तेवढंच. बोहाडा बघायचा तर मात्र उन्हाळ्यात यावं लागेल, देवदैत्यांचे मुखवटे लावून सोंगं निघतात आणि संबळ सुरू झाला की पहाटेपर्यंत कुणी घरी जात नाही. फक्त एप्रिल-मेमध्ये पाणी स्वतःचं न्या. याच डोंगरांतलं वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि वरच्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन विहिरीला, तिथे आपण बाटल्या भरून मागायच्या हे बरं दिसत नाही.

धबधब्याचा हट्टच असेल तर सुरगाण्याकडचा भिवतास आहे, पण पाऊस पडत असताना पाण्यात उतरू नका. वर डोंगरात कोसळला की खाली काही कळायच्या आत लोंढा येतो.

हातगडहून सापुतारा पाच-सहा किलोमीटर, तलाव बघायला जायचं तर जा, मला तिथली गर्दी झेपत नाही. गाडीत बाटली असेल तर हद्द ओलांडू नका, पलीकडे गुजरात, दारूबंदी, आणि तपासणी होते. त्यापेक्षा अलीकडेच रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरी घ्या, इकडच्याच शेतातली असते, वरचा थर लालभडक आणि खाली हिरवी असा प्रकार कधी कधी असतो म्हणून बॉक्स उलटा करून बघा. आणि डिकीत नाही, मांडीवर ठेवा. मी डिकीत ठेवली होती, दिंडोरी येईपर्यंत तिचा जॅम.